जसं लिहिलंय तसं

"काका, एकशे चौऱ्याऐंशी घरांना एकच निरोप द्यायला तुम्हाला अकरा दिवस कसे लागतात?"

यशश्रीने प्रश्न विचारला आणि मंडळाच्या सभेत एकदम पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. प्राची आणि श्रद्धा ह्या दोघींनी तिला मधे बसवून, दोन्ही बाजूंनी चिमटे काढून तो तिच्याकडून वदवून घेतला होता. "हिंमत असेल तर विचार. विचारलंस तर शेव-उसळ आमच्याकडून. वर एक्स्ट्रा तरी." एक्स्ट्रा तरी म्हटल्यावर यशश्री पंतप्रधानांनासुद्धा प्रश्न विचारायला तयार झाली असती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. ह्या वर्षी अकरावीत कम्प्युटर घेतला, शाळांच्या स्पर्धेत तिचा प्रोग्राम पहिला आला आणि तेव्हापासून तिचं तोंड जे उघडलं, ते बंद करायचं बटण अजून घरात कोणालाही सापडलेलं नव्हतं.

बाळकृष्णकाका रागावले नाहीत. ते बडोद्याच्या मराठी स्नेहमंडळाचे बावीस वर्षांचे चिटणीस, आणि त्याआधीचे अडतीस वर्षांचे स्टेशनमास्तर. त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो लावला, वही उघडली आणि म्हणाले, "दिवसाला सतरा घरं. घरटी नऊ मिनिटं. त्यातलं निमंत्रण एक मिनिट. बाकी आठ मिनिटं समोरचा बोलतो. पादरा गावच्या इंदिराबाई असल्या तर पंचवीस. त्यांचे गुडघे दोन आहेत."

सभा हसली. मात्र अध्यक्ष मल्हारराव हसले नाहीत. त्यांना आधुनिक व्हायची फार घाई होती. त्यांनी यशश्रीकडे बघून विचारलं, "पोरी, तुझा कम्प्युटर हे किती वेळात करेल?"

"चार सेकंद, आजोबा. मजकूर मोठा असला तर पाच."

"मग दे करून. संक्रांतीनंतरच्या रविवारी आपला तिळगूळ समारंभ आहे, निमंत्रणं त्यावरच जातील. चालवतील काकाच, चिटणीस ते आहेत. जमलं तर उत्तम. घोळ झाला तर मात्र काका, माफ करा, पुढच्या वर्षी तरुण चिटणीस बघावा लागेल."

काकांनी वही मिटली. "योग्य आहे," ते म्हणाले. पण वहीवर त्यांचा हात जरा जास्त वेळ राहिला. काकू गेल्यापासून घरात ते आणि तो फोन, एवढेच दोघे होते.

यशश्रीने प्रोग्राम लिहायला तीन दिवस घेतले. त्याचं नाव ठेवलं 'बोलाव'. काकांसाठी म्हणून त्यातल्या सगळ्या आज्ञा मराठीत केल्या आणि स्वतःवरच इतकी खूश झाली, की आईला तीनदा दाखवला. मग तो कसा चालवायचा ह्याचं सूचनापत्रक लिहायला बसली. त्याला तिने सात मिनिटं घेतली, कारण आठव्या मिनिटाला आई "ताट वाढलंय!" म्हणून ओरडली. पत्रक असं होतं:

बोलाव : बोलावण्यासाठी.
--गट : गट.
--स्थळ : स्थळ.
--वेळ : वेळ.
--मजकूर : मजकूर.
--चाचणी : चाचणी.
खालीलप्रमाणे आज्ञा द्यावी.

आणि त्याखाली एक नमुना हवा म्हणून, पोटात कावळे ओरडत असताना जे सुचलं ते:

बोलाव --गट सगळे --स्थळ "यशश्री शिर्के यांचे घर, छाणी" --वेळ "रविवार सकाळी ११" --मजकूर "सहकुटुंब जेवायला या. येताना फक्त भूक आणा."

आता तुम्हीआम्ही हा कागद वाचला असता तर म्हटलं असतं, पोरगी गंमत करते आहे. पण बाळकृष्णकाकांनी अडतीस वर्षं ज्या पुस्तकाप्रमाणे गाड्या सोडल्या, त्यात कोणी गंमत केलेली नव्हती. त्यात लिहिलेलं असे ते करायचं, आणि लिहिलेलं नसे ते करायचं नाही. म्हणून ह्या वडोदरा विभागात त्यांच्या हातून एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही.

वासी उत्तरायणाच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सगळं बडोदं पतंग घेऊन अगाशीवर चढलेलं असताना, काका कम्प्युटरसमोर बसले आणि यशश्रीला त्यांचे फोन यायला लागले.

"यशश्री, ह्या आडव्या रेघा दोन आहेत की एकच लांब?"

"दोन, काका."

"दोहोंच्या मधे जागा?"

"नाही, काका."

"रेघा संपल्यावर?"

"शब्द, काका!"

चौथा फोन अवतरणचिन्हांचा होता, पाचवा पूर्णविरामाचा. सहावा फोन "पाचव्या फोनला सांगितलंस ते पक्कं ना?" हे विचारायला होता. सातवा आला तेव्हा यशश्रीचा पतंग समोरच्या सोसायटीच्या पतंगाशी ऐन पेचात अडकलेला होता, श्रद्धा फिरकी धरून "ढील दे, ढील दे!" म्हणून किंचाळत होती, आणि कुठल्याशा स्पीकरवरून गरब्याचं गाणं कानात घुसत होतं.

"यशश्री, तो मजकूर जरा—"

"काका, जसं लिहिलंय तसंच्या तसं टाका! एक अक्षरसुद्धा बदलू नका!"

"एक अक्षरसुद्धा नाही. समजलं," काका म्हणाले आणि फोन ठेवला. त्याच क्षणी समोरच्या अगाशीवरून "काप्यो छे!" अशी आरोळी उठली. यशश्रीचा पतंग कापला गेला होता. तिला वाटलं, आजचं नुकसान एवढंच.

शिर्क्यांच्या घरी कोणाला काही कळलं नाही. मंडळाच्या यादीत घरटी एकच नंबर, तो बाबांचा. बाबा कोयलीच्या रिफायनरीत, आठवडाभर रात्रपाळीला. उत्तरायणाच्या तीनशे शुभेच्छांमध्ये हाही निरोप आला, आणि त्यांनी न वाचता सगळ्यांना पाठवला तसा ह्यालाही अंगठा पाठवून दिला.

रविवारी सकाळी बाबा पाळीवरून येऊन झोपले. आईने तिघांपुरती खिचडी टाकली, कारण अकराला समारंभाच्या हॉलवर जायचंच होतं. दहा वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली. दारात पादऱ्याच्या इंदिराबाई उभ्या. एका हातात काठी, दुसऱ्यात तिळगुळाचा डबा.

"गुडघा म्हणाला नको," त्या आत येत म्हणाल्या, "पण मी म्हटलं, मृदुलाने इतक्या प्रेमाने बोलावलंय, तर गुडघ्याचं कोण ऐकतंय!"

मृदुला म्हणजे यशश्रीची आई. तिने कोणाला बोलावल्याचं तिला आठवेना, पण दारात आलेल्या बाईला "का आलात?" असं कोण विचारतं? "या ना, बसा," ती म्हणाली आणि खिचडीत पाणी वाढवलं. तेवढ्यात पुन्हा बेल. मांजलपूरहून एक कुटुंब, माणसं पाच. मग बेल. मग पुन्हा बेल. मग कोणीतरी दार उघडंच ठेवलं.

"अगं, हे काय चाललंय?" आईने यशश्रीला स्वयंपाकघरात ओढलं.

"मला काय माहीत! हॉलवर जाताना वाटेत डोकावत असतील."

"चाळीस माणसं? वाटेत?"

तेवढ्यात श्रद्धा आणि प्राची आल्या, नटूनथटून. "काय ग, सांगितलं नाहीस ते!" श्रद्धाने तिच्या पाठीत धपाटा घातला. "आम्ही सकाळपासून काहीही खाल्लं नाही. फक्त भूक आणली आहे!"

'फक्त भूक' हे शब्द यशश्रीने ओळखले, ते तिचेच होते. तिने मागोमाग आलेल्या श्रद्धाच्या वडिलांचा फोन हिसकावून निरोप वाचला. एक अक्षरसुद्धा बदललेलं नव्हतं.

दहा एकोणसाठला बाळकृष्णकाका आले. इस्त्रीचा सदरा, हातात हजेरीची वही. दारापाशी उभं राहून ते एकेका घरावर खूण करायला लागले. "सत्तावन्न घरं पोचली," त्यांनी आईला सांगितलं. "बाकी रस्त्यात असतील. वहिनी, तुम्ही घर देऊ केलंत, फार मोठं मन लागतं. मला सतरा जणांनी फोन करून विचारलं, जागा बदलली का? मी सांगितलं, सूचनेप्रमाणे आहे."

ह्याच वेळी आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बाबा बनियनवर बाहेर आले. समोर त्यांच्या सोफ्यावर, सतरंजीवर आणि टीव्हीच्या टेबलावर मिळून एकोणीस बायका एकमेकींना हळदीकुंकू लावत होत्या. बाबांनी दोन क्षण बघितलं, दार लावलं आणि पुन्हा जाऊन झोपले. स्वप्न आहे असं वाटलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. रात्रपाळीच्या चौथ्या दिवशी असं काहीबाही दिसतंच.

मग काकांचा फोन वाजला. मल्हाररावांचा आवाज असा होता, की स्पीकर लावायची गरज नव्हती.

"काका! हॉलवर मी आहे, आचारी आहे आणि उसळीची चार पातेली आहेत. माणसं कुठायत?"

"सूचनेप्रमाणे छाणीला आहेत, साहेब."

"कुठल्या सूचनेप्रमाणे? निरोप आला होता, पण जागा ठाऊकच म्हणून मी तो उघडला नाही!"

काकांनी यशश्रीकडे बघितलं. तिचा चेहरा बघून त्यांना बहुतेक सगळं कळलं, कारण ते अगदी शांतपणे फोनमध्ये म्हणाले, "साहेब, माणसं हलवण्यापेक्षा पातेली हलवणं सोपं. आपण इकडे या. चौकशी नंतर."

पण दोनशे माणसं बसवायची कुठे? आई जिन्यात कपाळाला हात लावून उभी होती. समोरच्या हंसाबेन दारातून सगळा प्रकार बघत होत्या. "मृदुलाबेन, टेन्शन नहीं लेवानु!" त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. "अगाशी छे ने! उत्तरायणनो मंडप हजु बांधेलो ज छे." आणि खरंच, वर मंडप होता, स्पीकर होता, सतरंज्या होत्या, फक्त पतंगाची गुंतवळ आवरायची होती. हंसाबेनने दोन मजल्यांवरच्या सगळ्या घरांतून पाण्याचे जग आणि खुर्च्या गोळा केल्या. तळमजल्यावरच्यांनी जिलबी मागवली. कोणी काही विचारलं नाही. मराठी लोकांच्यात काहीतरी आहे आणि पाहुणे उपाशी आहेत, एवढं त्यांना पुरलं. यशश्रीला त्या क्षणी हंसाबेनच्या पाया पडावंसं वाटलं, पण हंसाबेनने तिच्या हातात झाडू दिला.

साडेअकराला टेम्पो आला. बाबांना पुन्हा उठवलं. ह्या वेळी स्वप्नाने त्यांच्या हातात पातेल्याची एक बाजू दिली. तीन मजले चढून उसळ वर गेली आणि पंगत बसली. आता गंमत अशी, की मंडळाच्या समारंभात दरवर्षी आधी चार भाषणं होत आणि मग गार उसळ मिळे. ह्या वेळी भाषणं करायला कोणालाच वेळ मिळाला नाही. उसळ गरम, शेव कुरकुरीत, वर कोवळं ऊन. इंदिराबाई खुर्चीवर बसून सगळ्यांना गुडघ्याची माहिती देत होत्या आणि लोक ऐकतही होते.

जेवणं आटोपली तसे मल्हारराव उभे राहिले. फेट्याचा तुरा अजून रागाने थरथरत होता.

"जेवण झालं, बरं झालं," ते म्हणाले. "पण अध्यक्षाला रिकाम्या हॉलमध्ये पाऊण तास आचाऱ्याशी गप्पा मारत बसावं लागलं. हे कोणी केलं?"

काका उठले. "मी, साहेब. आज्ञा माझ्या हाताने गेली. कागद नीट कळला नसेल, तर चिटणीसाने गाडी सोडायची नसते." त्यांनी खिशातून मंडळाच्या कपाटाची किल्ली काढली आणि मल्हाररावांच्या समोर ठेवली. बावीस वर्षांत ती किल्ली त्यांच्या खिशाबाहेर कोणी बघितली नव्हती.

यशश्रीने प्राचीकडे बघितलं, श्रद्धाकडे बघितलं. ह्या वेळी कोणी चिमटा काढला नाही. वर्षभर उघडं असलेलं तिचं तोंड नेमकं आत्ताच चिकटून बसलं होतं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. काकांनी तशी वाटच करून दिली होती. आणि नेमकं त्यामुळेच तिला गप्प बसवेना.

"आजोबा, काका चुकले नाहीत," ती उठून म्हणाली. आवाज पहिल्यांदा बारीक निघाला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "काका चुकले नाहीत! मी जे लिहून दिलं तेच त्यांनी केलं. त्यांनी मला विचारायला सात फोन केले. सातव्याला मी ओरडले. पेच चालू होता माझा. हा बघा कागद."

मल्हाररावांनी कागद घेतला आणि भर सभेत मोठ्याने वाचला. "गट, गट. स्थळ, स्थळ. वेळ, वेळ." ते थांबले. "पोरी, ह्यातून माणसाने काय समजायचं?"

"काही नाही, आजोबा."

"'खालीलप्रमाणे आज्ञा द्यावी.' अरे, मग काकांनी दुसरं काय करायचं होतं? हे वाचून मीसुद्धा शिर्क्यांकडेच जेवायला आलो असतो!"

अगाशीवर असा हशा उठला, की शेजारच्या सोसायटीतले लोक बघायला आले. यशश्रीचे कान लाल झाले, पण काकांकडे बघून तिला हायसं वाटलं. काकांवरचा ठपका टळला होता.

तेवढ्यात मल्हाररावांनी किल्ली उचलली. "म्हणजे काकांची चूक नाही, यंत्राचीही नाही. आणि पोरगी खरं बोलणारी निघाली. मग अडलं कुठे? काकांनी आता आराम करावा. आजपासून मंडळाची चिटणीस यशश्री!"

टाळ्या वाजल्या. काकांनीही वाजवल्या, मोजून तीन. मल्हाररावांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. ती अजून काकांच्या खिशाच्या उबेची होती.

सगळे गेले. यशश्री सतरंज्या आवरायला वर आली तर काका मंडपाखाली एकटेच बसलेले. मांडीवर तिचा कागद, हातात लाल पेन्सिल.

"काका, तुम्ही गेला नाहीत?"

"कारभार सोपवल्याशिवाय कसं जाता येईल? ही वही घे. आणि हे बघ, नव्या चिटणीसाला अडचण नको म्हणून खुणा केल्यात."

तिने कागद घेतला. आठ-दहा ओळींच्या कागदावर एकतीस लाल खुणा होत्या. 'गट कोणकोणते? यादी द्यावी.' 'स्थळ न लिहिल्यास यंत्र काय करेल? थांबेल, की स्वतःच ठरवेल?' 'हा नमुना आहे की आज्ञा? स्पष्ट लिहावे.' 'गेलेला निरोप परत घेता येतो का? येत नसल्यास लाल अक्षरांत सांगावे.' सगळ्यात खाली मोत्यासारख्या अक्षरात: 'मजकूर मात्र फार आवडला.'

"काका, सॉरी," ती म्हणाली. "मला वाटायचं, प्रोग्राम महत्त्वाचा. कागद काय, कोणीही लिहील."

"इंजिन चांगलं असतंच ग. लोक मरतात ते चुकीच्या कागदामुळे." काकांनी चष्मा पुसला. "बरं, ही शेवटची 'चाचणी' काय आहे? मी तीनदा विचारणार होतो, पण रेघांमध्येच वेळ गेला."

यशश्री खाली बघायला लागली. "ते लिहिलं ना, तर निरोप जातच नाही. कोणाला काय जाणार आहे ते नुसतं पडद्यावर दिसतं. म्हणजे आधी बघून घ्यायचं."

काकांनी कागदावरची ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांच्या पोटातून हसू यायला लागलं. ते इतके हसले, की पेन्सिल गडगडत पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. "आणि हे तू सगळ्यात शेवटी लिहिलंस! पोरी, लाइन मोकळी आहे का हे गाडी सोडायच्या आधी बघतात!"

तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. स्पर्धेत तिला ढाल मिळाली होती, प्रमाणपत्र मिळालं होतं, प्राचार्यांनी पाठ थोपटली होती. पण तिने लिहिलेलं इतक्या बारकाईने, एकेका शब्दापाशी थांबून, आजवर कोणीही वाचलेलं नव्हतं. आणि ह्या माणसाची किल्ली तिच्या खिशात होती.

तिने आधी टाकीपर्यंत जाऊन पेन्सिल आणून दिली. मग किल्ली. मग काका "अगं, पण सभेचा ठराव" म्हणेपर्यंत तिने मल्हाररावांना फोन लावलासुद्धा.

ती खाली आली तेव्हा आईबाबा तिळगुळाच्या त्रेसष्ट डब्यांच्या मधोमध, बोलायचीही ताकद नसल्यासारखे बसले होते.

"आई, बाबा, मी ठरवलंय," यशश्री म्हणाली. "मी चिटणीस होणार नाही. काकाच राहणार. मल्हारआजोबांना सांगितलं, ते आधी ओरडले, मग म्हणाले ठीक आहे. मी काकांच्या हाताखाली उमेदवारी करणार, रेल्वेत असते तशी, तीन वर्षं. कागद मी लिहायचा, काका तपासणार, आणि पहिलं वर्षभर मी एंटरच्या बटणाला हात लावायचा नाही."